रेवडी त्यांची, सन्मान आमचा: माणसाचं मत अख्खं उलटतं तरी त्याला कळत कसं नाही?

सिडकोचा_मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी. एरवी मी दुचाकीच्या धाग्यांवर असतो, इकडे पहिल्यांदाच लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका छोट्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. सव्वीस वर्षं झाली. काम काय, तर पीस हातात घ्यायचा, गेज म्हणजे माप तपासायचं साधन लावायचं. गो बाजू गेली पाहिजे, नो-गो अडकली पाहिजे. पीस कोणत्या ऑपरेटरने काढला, तो कोणाचा मेहुणा आहे, हे गेजला कळत नाही. म्हणून मला गेज आवडतं.

आमचा पाच जणांचा कट्टा आहे, आयटीआयपासूनचा. दर रविवारी सकाळी मिसळ. त्यातल्या एकाला अप्पा म्हणू. २०२२ साली टीव्हीवर 'रेवडी' हा शब्द दिवसरात्र वाजत होता, तेव्हा हा अप्पा टेबलावर हात आपटून सांगायचा की फुकट वाटून लोकांना आळशी केलंय, हा आपल्या टॅक्सचा पैसा आहे. पापड फुटायचे त्याच्या हाताखाली. मग २०२४ चा जुलै आला. लाडकी बहीण, महिन्याला १५०० रुपये. तोच अप्पा गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरायला बसला. आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स. दिवसा ॲप अडकायचं म्हणून रात्री साडेअकराला जागा. मी म्हटलं, "अप्पा, रेवडी?" तर म्हणाला, "रेवडी वेगळी रे. हा सन्मान आहे."

मला धक्का बसला तो या उत्तराचा नाही. खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. रात्रपाळीत रीडिंग न घेता कोणी शीट भरली, तर आकडे जरा जास्तच सारखे येतात आणि तो ऑपरेटर सकाळी माझ्याकडे बघत नाही. अप्पा माझ्याकडे सरळ बघत होता. त्याला ते मनापासून वाटत होतं.

घरी येऊन हिला सांगितलं, बघ माणसं कशी असतात. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मागच्या वर्षी मार्चमध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? एसटी आधीच तोट्यात, कशाला ही नाटकं. आणि जूनमध्ये कर्नाटकात बायकांना बस अख्खी फुकट झाली, तेव्हा म्हणालात, याला म्हणतात सरकार. माझी बहीण येवल्याहून अर्ध्या तिकिटात येते ती तुम्हाला दिसत नाही, बेळगावच्या बायका दिसतात."

मी लगेच समजावायला लागलो. कर्नाटकाचं उत्पन्न वेगळं, आपलं महामंडळ वेगळं, तिकडे आधी घोषणा केली होती, इकडे निवडणूक डोळ्यापुढे ठेवून... बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की ही कारणं मी आत्ता, उभ्या उभ्या बनवतोय. जूनमध्ये यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्याकडे एक शब्द आहे, 'डेव्हिएशनवर पास'. माल मापात नसतो, पण ट्रक दारात उभा असतो, मग कागदावर कारण लिहून सही करतात. मी दोन्ही वेळी तेच केलं. आपला लॉट डेव्हिएशनवर पास, त्यांचा रिजेक्ट. नोव्हेंबरात माझ्या बाजूने १५०० चे ३००० जाहीर केले तेव्हा तर मी कारणही लिहिलं नाही, नुसती सही.

तर प्रश्न असा. माणूस खोटं बोलतो, विसरतो, की त्याचं मत खरंच बदलतं? आणि बदललं तर त्याला ते आपलं नेहमीचंच मत का वाटतं? मानसशास्त्रात यावर कोणी प्रयोग वगैरे केलेत का? कोण कुठल्या बाजूचा हे तुम्ही ओळखलं असेलच, पण पक्षांची नावं लिहू नका. धागा जळून जाईल.

---

माजी_प्राध्यापिका

तुमच्या सौभाग्यवतींना आधी नमस्कार सांगा. माझी एकतीस वर्षं बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवण्यात गेली. स्वयंपाकघरात बसून इतकं नेमकं निरीक्षण करणारी विद्यार्थिनी क्वचित मिळाली.

प्रयोग झालेत, आणि एक तर जवळजवळ तुमच्याच प्रश्नावर आहे. जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. गरीब कुटुंबांना सरकारी मदत देण्याच्या दोन योजना त्याने कागदावर तयार केल्या. एक भरघोस, दुसरी हात आखडून. मग विद्यार्थ्यांना सांगितलं, ही अमुक पक्षाची आहे. डाव्या विचारांच्या मुलांनी आपल्या पक्षाचं नाव असलेली कंजूष योजना उचलून धरली आणि उजव्या मुलांनी आपल्या पक्षाच्या नावाची उदार योजना. नाव काढून नुसता मजकूर दिला, की दोघंही आपापल्या तत्त्वाला धरून वागत. नाव आलं की मजकुराचं वजन जवळजवळ शून्यावर जाई.

मला याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. त्या मुलांना विचारलं, तुमचं मत कशावरून ठरलं? ती म्हणाली, योजनेतल्या तपशिलावरून, सरकारने काय करावं याच्या माझ्या विचारावरून. आणि दुसरे लोक कशावरून ठरवतात? तर पक्षावरून. म्हणजे अप्पा तुमच्याकडे सरळ का बघत होता, त्याचं उत्तर इथे आहे. त्याने तपशीलच वाचला होता, पण कोणाचा आहे हे कळल्यावर. 'सन्मान' हा अर्थ त्याला खरोखर त्या कागदात दिसला.

'विसरतो का' यावर सांगते. स्वीडनमध्ये लार्स हॉल आणि पेटर योहानसन यांनी एक जादूगारी केली. लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली, हातचलाखीने काही उत्तरं उलटी करून ती त्यांच्याच हातात परत दिली आणि विचारलं, हे असं का म्हणालात? बऱ्याच जणांना बदल कळला नाही. त्यांनी जे मत दिलंच नव्हतं त्याची कारणं दिली, आणि चांगली कारणं दिली! तुम्ही मेथीसमोर उभ्या उभ्या जे केलंत तेच.

कारण मागून येतं याचं आपल्याकडचं एक उदाहरण आहे, ते मी वर्गात दरवर्षी सांगायचे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकाने गोळा केल्या. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागातल्या या अफवा. आता आपण वाचलो, तर लोकांनी एकमेकांना धीर द्यावा की नाही? पण अफवा होत्या भयंकर. चंद्रग्रहणाला पुन्हा भूकंप होणार, नेपाळकडून पुराचा लोंढा येतोय. पुढे दुर्गानंद सिन्हांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर तसाच अभ्यास केला. तिथे लोकांनी खरी हानी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिथे असल्या वाढवलेल्या अफवा नव्हत्या.

लिऑन फेस्टिंजर हा मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत बसून या बिहारच्या अफवांवर अडला. त्याने उलटा विचार केला. अफवांमुळे भीती वाटत नव्हती. भीती आधीच छातीत बसली होती आणि तिला शोभेल असं कारण डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून लोकांनी कारण तयार केलं. त्यातून त्याचा १९५७ चा विसंगतीचा सिद्धान्त उभा राहिला. मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी असल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि त्यातली जी बदलायला सोपी ती बदलतो. अप्पांना पक्ष बदलणं सोपं की 'रेवडी' या शब्दाचा अर्थ?

---

बूथवरचा_माणूस

मॅडम छान सांगता तुम्ही, पण हे सगळं पेपर वाचणाऱ्यांचं झालं. मी पंधरा वर्षं बूथवर बसतोय, पक्ष सांगत नाही. लोक योजना बघून मत देत नाहीत आणि तत्त्व बघून तर नाहीच नाही. रात्री दोनला सिव्हिलला कोण आलं, दहाव्याला कोण बसलं होतं, पोराच्या ॲडमिशनला कोणी फोन लावला, हे बघतात. त्याला तुम्ही आंधळी निष्ठा म्हणाल. मी व्यवहार म्हणतो. दोन पैशाचा नाही, जन्मभराचा.

आणि कधीकधी त्यात मानसशास्त्रही नसतं भाऊ. २०२४ ला आपल्या शेजारी दिंडोरीत काय झालं? एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, एका अपक्षाला मिळाली नुसती तुतारी. आडनावही त्या पक्षाच्या उमेदवाराचंच. त्याला लाखाच्या वर मतं पडली. आता त्या लाखभर लोकांच्या मनाचा अभ्यास करायला स्वीडनहून माणूस बोलवा.

मतदानाच्या मशीनचं पण बोलून टाकतो. जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा एक बाजू म्हणाली मशीन चांगलं, नोव्हेंबरला विधानसभेनंतर तीच बाजू म्हणाली मशीनमध्ये गडबड. दुसरी बाजू बरोब्बर उलटी. मशीन तीच. हरलेल्याला मशीन दिसतं आणि जिंकलेल्याला जनता.

---

कांदाचाळ

मी मूळची पिंपळगाव बसवंतची, आता पुण्यात सीएची आर्टिकलशिप करते. बूथवाल्या काकांशी अर्धी सहमत.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली त्या आठवड्यात पप्पा मार्केटला गेले होते. परत आले, पायजम्याच्या खिशातून कांदा विक्रीची पट्टी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, लाव हिशोब. मजुरी, गोणी, भाडं धरून घरातून पैसे घातले होते. मी चिडून म्हटलं, बघा तुमच्या लोकांनी काय केलं. तर पप्पा म्हणाले, "वरच्याला काही कळू देत नाहीत गं. खालचे अधिकारी फसवतात त्याला." म्हणजे तोटा मान्य, निर्णय चुकला हेही मान्य, पण ज्याच्यावर जीव आहे तो माणूस त्यातून अलगद बाहेर काढून ठेवला. चाळीतून सडका कांदा वेचून काढतात ना, बाकीचा ढीग न हलवता, तसं.

आणि पप्पा हिशोबात कच्चे नाहीत हो. उभ्या उभ्या तोंडी व्याज काढतात. मला आधी वाटायचं की माणूस हुशार असला की आकडे पाहून मत बदलेल. मग डॅन काहान या येलच्या प्राध्यापकाचा २०१३ चा प्रयोग वाचला. लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. एका गटाला सांगितलं, हे त्वचेच्या मलमाचे निकाल आहेत, दुसऱ्याला सांगितलं, हे बंदुकीवरच्या बंदीचे आणि गुन्ह्यांचे आहेत. आकडे तेच. मलम असताना गणितात पक्के लोक बरोबर उत्तर काढत. बंदूक आली की तेच पक्के लोक, उत्तर आपल्या बाजूचं असलं तरच बरोबर काढत. आणि दोन बाजूंमधलं अंतर कच्च्या लोकांपेक्षा पक्क्या लोकांत जास्त निघालं! हुशारी वकिलासारखी वापरली जाते, न्यायाधीशासारखी नाही. आमच्या ऑफिसात ऑडिटला क्लायंट बदलला की आम्हीही थोडे तसेच होतो, पण ते इथे नको.

मे महिन्यात मतदान करून आल्यावर मी विचारलं, पप्पा कोणाला दिलं? म्हणाले, "कांद्याला." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

---

पंचवटीचा_नातू

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकते आहे म्हणून लिहितो. तुम्ही सगळे गट म्हणजे जणू डोळ्यावरची पट्टी असं बोलताय.

२ मार्च १९३० ला मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराच्या चारही दारांपुढे माणसं बसली. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, आणि त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतून आलेली, नावं कुठेच न छापलेली माणसं होती. माझे पणजोबा त्यातले. लाठ्या, दगड, तुरुंग, गावी परतल्यावर बहिष्कार. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. एकेकट्याने नफातोट्याचा हिशोब केला असता तर दुसऱ्या दिवशी कोणी आलं असतं का? त्यांना उन्हात बसवून ठेवलं ते 'आपण' या शब्दाने. मग तोच शब्द अप्पाच्या बाबतीत आला की तो आजार?

---

माजी_प्राध्यापिका

पंचवटीचा_नातू, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवं होतं.

'आपण आणि ते' याचा सर्वात गाजलेला प्रयोग हेन्री तायफेल या मानसशास्त्रज्ञाचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवून सांगितलं, तुला क्ले आवडला, तुला कँडिन्स्की. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मुलं एकमेकांना दिसतही नव्हती. तरी पैसे वाटताना ती आपल्या नावाच्या गटाला झुकतं माप देत. आणि आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवं, असाही कल दिसला. विद्यार्थी हे ऐकून हसायचे. मग मी तायफेल कोण होता ते सांगायचे. पोलंडमधला ज्यू. फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत गेला, युद्ध संपल्यावर परतला तर घरचं जवळजवळ कोणीच उरलं नव्हतं. गट माणसाला कुठे नेतो हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. आणि त्याच्याच सिद्धान्तात दुसरी बाजूही आहे. खाली दाबलेल्या गटाला वर येण्याची वाट बंद दिसली, की तो गट म्हणूनच उभा राहतो. काळारामच्या दारापुढे बसलेल्यांचं 'आपण' आणि कँडिन्स्कीवाल्यांचं 'आपण' यात फरक आहे. पहिल्याला समोर खरोखर बंद केलेलं दार होतं.

धागाकर्त्यांना गेज आवडतं ना? एक घरगुती सांगते. योजना वाचताना मनातल्या मनात पक्षाचं नाव बदलून बघा. अवघड जातं, पण जातं. आणि अप्पांशी वाद घालू नका. अमेरिकेत ब्रूकमन आणि काला या दोघांनी मायामी शहरात घरोघर जाऊन बोलण्याचा प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तृतीयपंथी लोकांबद्दलचा पूर्वग्रह हा विषय. कार्यकर्त्यांनी आकडे दिले नाहीत. समोरच्याला विचारलं, तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून वागवलंय का? आणि ऐकून घेतलं. साधारण दहा मिनिटं. परिणाम तीन महिन्यांनीही टिकलेला आढळला. सगळ्यांचं मत फिरलं असं मुळीच नाही, पण या क्षेत्रात इतकंही दुर्मीळ असतं.

---

सिडकोचा_मायक्रोमीटर

मॅडम, धन्यवाद. बायकोला तुमचा नमस्कार पोचवला. ती म्हणाली, "आता हे रोज ऐकवा मला."

काल रविवार होता. ठरवून गेलो होतो की रेवडी हा शब्द काढायचाच नाही. दोघं लवकर पोचलो, बाकीचे यायचे होते. मी विचारलं, "अप्पा, तू रात्री जागून बायकांचे फॉर्म भरलेस, का रे? तुला पक्षाने सांगितलं म्हणून?" तो आधी भडकला. मी गप्प राहिलो. ऐकून घेणं हे फार जड काम आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. जिभेवर दोनदा कर्नाटक आलं.

मग तो सांगायला लागला. पस्तीस वर्षांच्या मैत्रीत हे मला माहीत नव्हतं. त्याचं बालपण सिन्नरचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, दिवसभर. हिशोबाच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर वडील उभे असायचे आणि आईच्या हातातले पैसे तिथेच त्यांच्या हातात जायचे. एकदा आईला स्वतःसाठी चप्पल घ्यायची होती. तिने दोन रुपये कनवटीला लपवले आणि ते सापडले. पुढचं तो बोलला नाही, रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाकडे बघत बसला. मग म्हणाला, "खात्यावर पैसे आल्याचा मेसेज बाईच्या स्वतःच्या मोबाईलवर वाजतो. तुला नाही कळणार."

मला खरंच कळलं नव्हतं. मी त्याचं सगळं मत पक्षाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

पण क्यूसीवाला आहे, खाज जात नाही. शेवटी विचारलंच, "मग २०२२ ला दुसरीकडच्या बायकांना मिळत होते तेव्हा?" अप्पाने खूप वेळ रश्शात पाव फिरवला. म्हणाला, "तेव्हा बायका दिसल्याच नाहीत रे. देणारा दिसला."

तेवढ्यात बाकीचे आले, आणि एकाने बसता बसताच कुंभमेळ्याच्या रस्त्यांचा विषय काढला. पाच मिनिटांत अप्पा आणि मी पुन्हा एकमेकांवर ओरडत होतो. नाव बदलून बघायचं माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर, गाडी स्टँडला लावताना.

---

बूथवरचा_माणूस

अप्पाला माझ्याकडे पाठवा. माणूस कामाचा आहे.

---

कांदाचाळ

सिन्नरचं वाचून थांबले जरा. आज घरी फोन करते.

बाय द वे, ही मिसळ कुठली? पुढच्या महिन्यात येतेय.

---

सिडकोचा_मायक्रोमीटर

ते मात्र सांगणार नाही. रविवारी आधीच बाकडं मिळत नाही.